गाडीचे नाव आणि गाडीचे डबे



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली उतारूंची आगगाडी सुटली, तिला तीन इंजिने जोडलेली होती. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. चौदा डबे, चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी हा तपशील शाळेच्या पुस्तकातही असतो. या तीन नावांपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. साहिब म्हणजे कोण, हे सांगायला नको. सुलतान म्हणजे ज्याची गादी या साहिबाने बळकावली तो. आणि सिंध म्हणजे नेपियरच्या फौजांनी अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १८४३ साली जिंकलेला आणि पुढे मुंबई इलाख्याला जोडलेला मुलूख. नावे ठेवणाऱ्याच्या मनात इतका हिशेब असेल वा नसेलही. पण राज्यकर्त्याला सहज म्हणून जी नावे सुचतात, ती त्याचे मन त्याच्या दरबारी भाषणापेक्षा अधिक सरळपणे सांगून जातात. या गाडीच्या अगोदर रूळ टाकण्याच्या कामावर जे इंजिन मुंबईत आले होते, त्याचे नाव 'फॉकलंड', म्हणजे त्या वेळचे गव्हर्नरसाहेब.

इकडे रुळांच्या दोन्ही बाजूंना उभे राहून हा चमत्कार पाहणाऱ्या रयतेनेही आपल्या परीने नामकरण केले. आगगाडीला लोक 'चाक्या म्हसोबा' म्हणत, अशी आठवण जुन्या मराठी लेखनात नोंदलेली आहे. हे नाव भाबडेपणाचे म्हणून हसण्यावारी नेले जाते. वस्तुतः ते फार नेमके आहे. म्हसोबा हा शिवेवरचा देव. त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि जावेच लागले तर बळी देऊन जावे. ठाण्याच्या पुढे रूळ सह्याद्रीला भिडले आणि म्हसोबाने बळी घेतलेही. भोर घाटाचे काम १८५६ ते १८६३ असे चालले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगर फोडत होते. पटकी, ताप, सुरुंग आणि कोसळणाऱ्या दरडी यांनी त्यांतले हजारो मजूर नेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते अवघड कंत्राट पार पाडले, हे रेल्वेच्या इतिहासात सन्मानाने लिहिलेले आढळते. ते योग्यही आहे. त्या बाईची जिद्द खरी होती. परंतु ज्यांची हाडे घाटात पुरली गेली, त्यांच्यापैकी एकाचेही नाव एखाद्या इंजिनाच्या पितळी पाटीवर चढल्याचे दिसत नाही.

पितळी पाटीवर चढले ते गव्हर्नरच. विजेवर चालणारी इंजिने घाटात आली, तेव्हा मालगाड्यांसाठी स्वित्झर्लंड व इंग्लंड येथे बांधून घेतलेल्या इंजिनांपैकी एकाला 'सर लेस्ली विल्सन' हे मुंबईच्या गव्हर्नराचे नाव देण्यात आले. उतारूंच्या गाड्या ओढणाऱ्या एका इंजिनाला पुढे 'सर रॉजर लम्ली' या दुसऱ्या गव्हर्नराचे. दोन्ही बाजूंना लांब नाके काढलेले ते मालगाडीचे जड धूड रेल्वेच्या कामगारांनी मात्र 'खेकडा' या नावाने ओळखले. कारखान्याच्या कागदात विल्सनसाहेब, आणि शेडमध्ये खेकडा! सत्तेने दिलेले नाव पाटीवर राहते आणि राबणाऱ्याने दिलेले नाव तोंडात राहते. यात थट्टा आहेच. पण रोज त्या यंत्राशी झटणाऱ्या माणसाची त्याच्यावरची मालकीही आहे. विदर्भात यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या अरुंद मार्गावरची गाडी हा असाच दुसरा नमुना. कापूस बाहेर नेण्यासाठी विलायती भांडवलाने घातलेली ती लाईन स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. तिला लोकांनी नाव दिले 'शकुंतला'. कंपनीच्या भागधारकांना हे नाव कधी सुचले नसते. ती गाडी आता धावत नाही, पण तिच्यासाठी होणारी मागणी आजही शकुंतलेच्याच नावाने होते, लाईनीच्या अधिकृत नावाने नव्हे.

साम्राज्याची ही नामकरणाची हौस केवळ वसाहतींपुरती नव्हती, हेही जाता जाता ध्यानात घेण्यासारखे आहे. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने 'ज्युबिली' वर्गाची इंजिने बांधली. त्यांतल्या कित्येकांना वसाहतींची नावे दिली. बॉम्बे, मद्रास, बेंगॉल, पंजाब, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, शिवाय बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर या संस्थानांचीही. लँकेशायरच्या एखाद्या स्टेशनावर उभा असलेला पोरगा या पाट्या वाचून आपल्या देशाच्या मालमत्तेची यादीच पाठ करीत होता म्हणायचे.

परंतु नावामागे काय दडलेले असते, याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या घराजवळचाच आहे. १ जून १९३० रोजी मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान 'डेक्कन क्वीन' सुरू झाली. मराठी माणसाने तिला 'दख्खनची राणी' करून घेतले आणि तिच्यावर मनापासून प्रेम केले. हे प्रेम खोटे ठरविण्याचे काहीच कारण नाही. तथापि ही राणी जन्मली तेव्हा तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते आणि ती आठवड्याच्या अखेरीस धावत असे. ज्या दिवशी ती पहिल्यांदा घाट चढली, त्या दिवशी त्याच रेल्वे कंपनीच्या त्याच मार्गावर पुढे असलेल्या सोलापुरात लष्करी कायदा जारी होता. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटले होते. सरकारी अंमल काही दिवस नावापुरताही उरला नव्हता. त्याचा सूड म्हणून १२ मेपासून शहर लष्कराच्या ताब्यात देण्यात आले आणि डोक्यावर गांधी टोपी घालणे हादेखील गुन्हा ठरला. त्या प्रकरणातून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

आज पुणे आणि सोलापूर यांच्या दरम्यान 'हुतात्मा एक्स्प्रेस' धावते, ती या चौघांच्या स्मरणार्थ. म्हणजे पुण्याच्या एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला हुतात्मा, अशी एकाच मार्गाची वाटणी झालेली आहे. 'हुतात्मा चुकली', 'हुतात्म्याला गर्दी होती' असे उतारू सहज बोलतात आणि त्या बोलण्यात फाशीचा दोर कोणाला आठवत नाही, अशी खंत काही जण व्यक्त करतात. ती खंत अस्थानी आहे. नाव रोजच्या तोंडी रुळले की त्याची धार बोथट होणारच. पण चौकस पोरगे कधीतरी बापाला विचारते की हुतात्मा म्हणजे कोण, आणि त्या दिवशी बापालाही चार नावे शोधावी लागतात. मल्लप्पापासून कुर्बानपर्यंतची ती चार नावे एकत्र उच्चारली जाणे, हेच आजच्या दिवसांत केवढे काम आहे!

आता राणीच्या डब्यांकडे वळू. १९४९ च्या आरंभी या गाडीचा पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्या वर्गाला पहिला म्हणण्यात येऊ लागले. तिसऱ्या वर्गाचा उतारू राणीच्या महालात प्रथम शिरला तो जून १९५५ मध्ये, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी आणि स्वराज्य आल्यावर आठ वर्षांनी. पुढे एप्रिल १९७४ मध्ये हा तिसरा वर्ग दुसरा झाला. कारण त्या साली देशभर तिसरा वर्ग 'रद्द' करण्यात आला. रद्द म्हणजे काय झाले? तीच फळकुटे, तीच गर्दी, तोच पाण्याविना नळ. पाटीवरच्या तीन रेघांऐवजी दोन रेघा. वर्ग नाहीसा करण्याचा हा मार्ग इतका स्वस्त आहे, की क्रांतीचा विचार करणाऱ्यांना तो कधी सुचला नाही. आणि नेमक्या त्याच वर्षी, ८ ते २७ मे १९७४ या काळात, साथी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी देशव्यापी संप केला. सरकारने तो तुरुंग, बडतर्फी आणि कामगारांना घराबाहेर काढणे या मार्गांनी मोडून काढला.

स्वातंत्र्यानंतरच्या नामकरणात उदात्त हेतूचा अभाव होता असे कोणी म्हणू शकणार नाही. चित्तरंजनच्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० रोजी वाफेचे पहिले इंजिन बाहेर पडले; त्याला 'देशबंधू' हे नाव मिळाले. चित्तरंजन दास हे ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविलेले पुढारी होते. इंजिन बांधणाऱ्या कामगारांच्या गावाला आणि इंजिनाला त्यांचे नाव शोभूनच दिसले. त्याच कारखान्याने विजेचे पहिले इंजिन तयार केले ते मध्य रेल्वेसाठी. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी पंडित नेहरूंनी त्याला हिरवा झेंडा दाखविला. त्याचे नाव 'लोकमान्य'. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. त्या मुंबईच्या रुळांवर लोकमान्यांचे नाव मिरविणारे इंजिन धावावे, यात औचित्य होते. १९७० साली चित्तरंजनहून बाहेर पडलेल्या वाफेच्या शेवटच्या ब्रॉडगेज इंजिनाला 'अंतिम सितारा' म्हटले गेले. या एका नावात ना पुढारी आहे, ना राजा, ना देव; केवळ एका कौशल्याला दिलेला निरोप आहे. कदाचित म्हणूनच ते सर्वांत सुंदर वाटते.

पण इंजिनाच्या नावाने उतारूच्या पाठीला टेकू मिळत नाही. त्या बाजूने पाहता १९६९ ची 'राजधानी' आणि १९७७ ची 'गीतांजली' ही दोन नावे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दिल्ली आणि हावडा यांना जोडणारी पहिली राजधानी एक्स्प्रेस संपूर्ण वातानुकूलित होती. तिचे नाव अगदी प्रामाणिक होते. राजधानीच्या माणसांसाठी राजधानीची गाडी. आठ वर्षांनी जनता सरकारात राजापूरचे खासदार साथी मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी प्रथम कामावर परत घेतले. नंतर दुसऱ्या वर्गाच्या झोपण्याच्या फळीवर दोन इंचांची गादी आणली. वरच्या वर्गाला खाली ओढायचे नसून खालच्या वर्गाला वर न्यायचे आहे, ही त्यांची भूमिका होती. आणि २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा अशी एक अतिजलद गाडी सुरू झाली, जिच्यात पहिला वर्ग नव्हताच. तोवर वेग ही पैसेवाल्याची मिरास होती. गरिबाने रखडतच जावे, हा जणू रेल्वेचा अलिखित नियम होता. तो मोडणाऱ्या या वर्गहीन गाडीला दंडवत्यांनी ना स्वतःच्या पक्षाचे नाव दिले, ना आपल्या नेत्याचे. तिला रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचे नाव मिळाले.

'जनता' हे नाव हाताशी असताना, आणि सरकारही जनता पक्षाचे असताना, त्यांनी ते टाळले, हे महत्त्वाचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास फक्त तिसऱ्या वर्गाच्या ज्या गाड्या निघाल्या, त्यांना 'जनता एक्स्प्रेस' म्हणत. त्या नावात ममत्व होते. पण जनता म्हणजे तिसरा वर्ग असा शिक्काही होता. गीतांजलीने हमालाला आणि शिक्षकाला एकाच फळीवर बसविले आणि त्या फळीला कवितेचे नाव दिले. गरिबाच्या गाडीला गरिबीचे नाव द्यावे लागत नाही, हे त्या निवडीतून सिद्ध झाले. आज त्याच गीतांजलीला वातानुकूलित वर्गाचे डबे जोडलेले आहेत. कवीचे नाव कायम आहे. वर्गहीनता मात्र मधल्या कुठल्यातरी वेळापत्रकात गळून पडली, आणि त्याविरुद्ध कोठे मोर्चा निघाला नाही.

समाजवादी परंपरेतूनच आलेल्या इतर रेल्वेमंत्र्यांच्या निवडीही तपासायला हव्यात. जयप्रकाशजींनी ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर जी हाक दिली, तिच्या नावाने नितीशकुमारांच्या कारकिर्दीत 'संपूर्ण क्रांती एक्स्प्रेस' निघाली. ती रोज संध्याकाळी पाटण्याहून सुटते आणि सकाळी दिल्लीला पोचते. प्रत्यक्षातल्या क्रांतीला हा प्रवास इतका सोपा गेला नाही. २००६ साली लालूप्रसादांनी 'गरीब रथ' आणला. कमी भाड्यात वातानुकूलित डबा ही कल्पना निश्चित चांगली होती. परंतु डब्यात जादा बर्थ कोंबले गेले आणि पाटीवर 'गरीब' लिहिले गेले. श्रीमंतांच्या गाडीवर कोणी 'श्रीमंत रथ' असे लिहीत नाही. पर्यटकांसाठी 'महाराजा एक्स्प्रेस' निघाली ती २०१० साली. तिथे निदान शब्द आणि भाडे यांचा मेळ आहे. २०१७ मध्ये संपूर्ण अनारक्षित गाड्यांना 'अंत्योदय' हे नाव मिळाले. २०१९ मध्ये दिल्ली ते वाराणसी अशी 'वंदे भारत' सुरू झाली. तिचे सर्व डबे वातानुकूलित आहेत. ज्या भारताला वंदन करायचे, त्यातला किती भारत त्या डब्यात बसू शकतो, हा प्रश्न नाव वाचताना मनात येतोच.

नाव बदलण्याचे राजकारण तर याहूनही सोपे. २०२२ मध्ये बंगळूर आणि म्हैसूर यांच्या दरम्यानच्या 'टिपू एक्स्प्रेस'चे नाव 'वोडेयार एक्स्प्रेस' झाले. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले. उतारूच्या दृष्टीने पाहिले तर एका सत्ताधीशाच्या जागी दुसरा आला, एवढेच. डबे तेवढेच राहिले. या वादात कार्यकर्त्यांनी फार शक्ती घालवू नये.

बंगालमधल्या दोन नावांकडे मात्र जरूर पाहावे. कोलकाता आणि बालुरघाट यांच्या दरम्यान 'तेभागा एक्स्प्रेस' आहे. १९४६-४७ साली बंगालच्या बटाईदारांनी पिकाचे दोन तृतीयांश कष्टकऱ्याला मिळालेच पाहिजेत म्हणून जो लढा दिला, तो हा तेभागा. बालुरघाटच्या परिसरातल्याच खानपूर गावी फेब्रुवारी १९४७ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी बावीस जण मारले गेले. आणि हावड्याहून सिउडीला जाणारी 'हूल एक्स्प्रेस' आहे. हूल म्हणजे सिदो आणि कान्हू यांच्या नेतृत्वाखाली १८५५ साली झालेला संथाळांचा उठाव. त्या उठावामागे सावकार आणि जमीनदार होते, तसे राजमहालच्या टेकड्यांत रूळ टाकणारे ईस्ट इंडियन रेल्वेचे लोकही होते. ते संथाळांच्या शेळ्या-कोंबड्या पैसे न देता उचलत आणि बायकांवर हात टाकीत. त्याच १८५५ साली त्याच कंपनीसाठी लीड्सच्या कारखान्यात बावीस क्रमांकाचे एक इंजिन तयार झाले. त्याला १८९५ साली 'फेअरी क्वीन' हे नाव मिळाले आणि आज ते जपून ठेवलेले, कौतुकाने दाखविले जाणारे इंजिन आहे. परीराणी जपणे चांगलेच. पण ज्या रेल्वेविरुद्ध संथाळ उठले, त्याच रेल्वेच्या एका गाडीला त्यांच्या उठावाचे नाव मिळावे, ही या सर्व नावांमधली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

१ मे २०२० रोजी, कामगार दिनीच, रेल्वेने 'श्रमिक स्पेशल' गाड्या सुरू केल्या. देशातल्या गाड्यांना श्रमिकांचे नाव लाभण्यासाठी त्यांची कामे बंद पडावी लागली, खोल्या सुटाव्या लागल्या आणि लाखोंना उन्हातून चालावे लागले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले काही मजूर ही गाडी मिळेल या आशेने रुळांवरून भुसावळच्या दिशेने निघाले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ, थकून रुळांवरच झोपलेले असताना, त्यांच्यातल्या सोळा जणांना एका मालगाडीने चिरडले. त्या मालगाडीला नाव नव्हते, मालगाड्यांना नसते. मुंबईच्या लोकललाही नसते. ती ओळखली जाते तिच्या सुटण्याच्या वेळेवरून. पॅसेंजरला नसते. देशातले बहुसंख्य लोक निनावी गाड्यांतूनच जन्मभर प्रवास करतात, आणि नावांवरचे सगळे वाद उरलेल्या गाड्यांपुरते चालतात.

रेल्वेच्या विभागीय आणि क्षेत्रीय उपभोक्ता सल्लागार समित्यांवर आपल्या संघटनांचे लोक अधूनमधून असतात. नव्या गाडीच्या नावाची सूचना तिथे हौसेने होते. त्या वेळी पहिला प्रश्न तिला अनारक्षित डबे किती, हा विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर आकड्यात, लेखी मागितले पाहिजे. नाव त्यानंतर. गीतांजलीच्या डब्यांचा प्रश्नही तिथे पुन्हा काढता येईल. आणि नावाचीच सूचना करायची असेल तर ती कर्जतपासून करावी. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडली जातात. ती भोर घाट चढेपर्यंत गाडीला ढकलत नेतात आणि लोणावळ्याला सुटून परत खाली येतात. त्यांच्यावर केवळ क्रमांक असतो. त्यांतल्या एकावर 'भोर घाटाचे मजूर' एवढी अक्षरे लिहिण्यासाठी रेल्वेला लागेल तो रंगाचा एक डबा.